घाटे अळीच्या विषाणूची प्रथिने: विदर्भातल्या नवशिक्या अभ्यासकासाठी मार्गदर्शन

हरभरा घाट्यावर आला की विदर्भातल्या कितीतरी वावरांत एखाददुसरी अळी झाडाच्या शेंड्याला उलटी लटकून मेलेली दिसते. मागच्या पायांनी डहाळी धरलेली, डोके खाली, अंग काळपट आणि बोट लावताच फुटेल असे. शेतकऱ्याला ती मेली एवढे पुरते. जीवशास्त्र शिकणाऱ्याने मात्र तिथे थांबावे. त्या एका अळीच्या अंगातल्या पाण्यात अब्जावधी सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जवळजवळ एकाच प्रथिनाचे बनलेले असतात.

तालुक्याच्या गावी बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या किंवा कृषी पदवी घेतलेल्या मुला-मुलींसाठी हे लिहितो आहे. महाविद्यालयात एक बरा सूक्ष्मदर्शक, एक साधे सेंट्रिफ्यूज, एक फ्रिज आणि जेल (प्रथिने वजनानुसार वेगळी करणारा थर) चालवण्याचा संच असला की सुरुवात होते. बाकीची यंत्रे नंतर दुसरीकडे मिळवता येतात.

माझे एक ठाम मत आधीच सांगतो. प्रथिनांची नावे पाठ करून हा अभ्यास सुरू करू नका. शेतकऱ्याचा प्रश्न घेऊन सुरू करा. विषाणूची फवारणी संध्याकाळीच का करायची? घाटे अळीवर चालणारे औषध गुलाबी बोंडअळीवर का चालत नाही? हरभऱ्यावर चांगला गुण येतो, मग पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, तो कमी का येतो? मेलेली अळी पाणी-पाणी का होते? यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न तुम्हाला कोणत्या ना कोणत्या प्रथिनापाशी नेतो. आणि या प्रश्नांना वजन आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात रासायनिक कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाला अपाय न करता अळी मारणारी गोष्ट आपल्याच वावरात असेल, तर ती कशी काम करते हे आपल्याच मुलांना नीट माहीत असायला हवे.

आधी विषाणूचा प्रवास समजून घ्या

घाटे अळीला, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराला, मारणाऱ्या या विषाणूला एचएएनपीव्ही, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराचा एनपीव्ही (न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस), म्हणतात. तो बॅक्युलोव्हायरस कुळातला आहे. त्याच्या डीएनएत सुमारे १ लाख ३१ हजार बेसजोड्या आहेत. २००१ मध्ये जी-४ या चिनी वाणाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात प्रथिने बनवू शकतील असे १३५ भाग नोंदले गेले. सगळी प्रथिने एकदम शिकायची गरज नाही. विषाणू ज्या क्रमाने अळीत शिरतो त्याच क्रमाने चला.

पानावर असताना विषाणूचे कण पॉलिहेड्रिन नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात, चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे, रुतलेले असतात. पॉलिहेड्रिन साधारण २४५ अमिनो आम्लांचे, सुमारे २९ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन आहे. अळीने पान किंवा घाटा कुरतडला की स्फटिक पोटात जातो. पतंगवर्गीय अळ्यांच्या मधल्या आतड्याचा सामू १० ते ११ पर्यंत असतो. इतक्या अल्कधर्मी रसात स्फटिक विरघळतो आणि आतले कण मोकळे होतात. माणसाच्या जठरात आम्ल असते, त्यामुळे तिथे हे असे घडत नाही. शिवाय हा विषाणू आपल्या पेशींत वाढू शकत नाही.

गुलाबी बोंडअळीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळायला लागते. विषाणू पोटात जावा लागतो. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि फवारलेले तिच्या तोंडी लागत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. हा विषाणू आपल्या ठरलेल्या यजमानापुरताच चालतो.

मोकळा झालेला कण आतड्याच्या पेशीला चिकटतो तो ‘पीआयएफ’, म्हणजे तोंडावाटे लागण घडवणाऱ्या, गटातल्या प्रथिनांमुळे. त्यातले पी-७४ सर्वांत आधी ओळखले गेले. ही प्रथिने बिघडली तर विषाणू तोंडावाटे लागण करू शकत नाही, पण थेट रक्तात टोचला तर करतो. प्रथिनाचे काम शोधण्याची ही फार सुंदर पद्धत आहे. पेशीत वाढून बाहेर पडणाऱ्या पुढच्या कणांचा वेष वेगळा असतो आणि त्यांना पेशीत शिरायला दुसरे प्रथिन लागते. काही बॅक्युलोव्हायरसमध्ये ते जीपी-६४ असते, एचएएनपीव्हीमध्ये एफ प्रथिन असते. जुन्या पुस्तकांतली बहुतेक माहिती ऑटोग्राफा कॅलिफोर्निका या पतंगाच्या विषाणूवर आधारलेली आहे. ती जशीच्या तशी आपल्या विषाणूला लावू नका.

शेवटच्या टप्प्यात दोन विकरे कामाला लागतात, कायटिनेज आणि कॅथेप्सिन. एक अळीच्या कातडीतले कायटिन तोडते, दुसरे प्रथिने तोडते. प्रयोगात यातले एक जनुक काढून टाकले की अळी मरते, पण तिचे पाणी होत नाही. म्हणजे शेंड्यावरून ओघळून खालच्या पानांवर स्फटिक सांडणे हा विषाणूचा पसरण्याचा मार्ग आहे आणि तो या दोन प्रथिनांवर उभा आहे. अळी मरण्याआधी शेंड्यावर का चढते? जिप्सी मॉथ या पतंगाच्या विषाणूत त्याचा संबंध ‘ईजीटी’ या जनुकाशी जोडला गेला आहे. त्याचे प्रथिन अळीचे कात टाकण्याचे संप्रेरक निकामी करते.

हंगामाआधी: मोबाइलवर करायचे काम

पावसाळ्यात, वावरात या अळ्या मिळायच्या आधी, मोबाइलवर किंवा संगणकावर होणारे काम उरकून घ्या. इंटरनेट कमी-जास्त असले तरी चालते, कारण या फायली लहान असतात.

जनुकांचे आणि प्रथिनांचे क्रम साठवणारी एनसीबीआय आणि युनिप्रोट ही दोन्ही संकेतस्थळे फुकट आहेत. युनिप्रोटवर पॉलिहेड्रिन शोधा, ऑटोग्राफाच्या विषाणूचे आणि हेलिकोव्हर्पाच्या विषाणूचे असे दोन अमिनो आम्लक्रम उतरवून घ्या. मग क्लस्टल ओमेगा या क्रम जुळवणाऱ्या ऑनलाइन साधनात ते एकाखाली एक मांडा. कुठे सारखे आहेत आणि कुठे वेगळे, हे प्रिंट काढून पेनने खुणा करत पाहा. ऑटोग्राफाच्या क्रमात ३२ ते ३५ या जागा शोधा. तिथे लायसिन, आर्जिनिन, लायसिन, लायसिन असे चार अमिनो आम्ल लागोपाठ दिसतील. पेशीद्रवात बनलेल्या पॉलिहेड्रिनला केंद्रकात नेणारी ही चिठ्ठी आहे. स्फटिक केंद्रकातच बनतात आणि त्याचे एक कारण या चार अक्षरांत आहे. हे स्वतःच्या डोळ्यांनी शोधलेत की अक्षरांची ती लांबलचक रांग मुकी वाटत नाही.

त्यानंतर ब्लास्ट, म्हणजे एनसीबीआयवरचे मिळतेजुळते क्रम शोधणारे साधन, चालवा. पॉलिहेड्रिनचा क्रम टाकला की शेकडो जवळचे क्रम येतात आणि बहुतेकांशी साम्य खूप जास्त असते. यावरून एक धडा घ्या. पॉलिहेड्रिन बॅक्युलोव्हायरसमध्ये फार कमी बदलते. म्हणून ‘माझा क्रम अमक्याशी इतका जुळला, म्हणजे वाण तोच’ असे लिहू नका. वाण किंवा जाती ठरवताना पॉलिहेड्रिनच्या जोडीला लेफ-८ आणि लेफ-९ ही जनुकेही पाहतात.

त्रिमितीय रचना पाहायची असेल तर प्रोटीन डेटा बँकेत बॅक्युलोव्हायरसच्या पॉलिहेड्रिनची क्ष-किरणांनी काढलेली रचना आहे. २००७ मध्ये रेशीमकिड्याच्या एका वेगळ्या विषाणूच्या पॉलिहेड्रिनची रचना समजली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत बॅक्युलोव्हायरसची. त्यासाठी पेशीत तयार झालेले मायक्रॉन मापाचे स्फटिकच वापरले गेले. नाव सारखे असले तरी ही दोन प्रथिने क्रमाने एकमेकांची नातेवाईक नाहीत, हे ध्यानात ठेवा. ज्या प्रथिनाची प्रत्यक्ष रचना कुणी काढलेली नाही, त्याचा क्रम कोलॅबफोल्ड या रचना वर्तवणाऱ्या ऑनलाइन साधनात टाकून अंदाज मिळतो. तो अंदाज आहे असे वहीत लिहा आणि यंत्र कोणत्या भागाबद्दल किती खात्री देते तेही रंगावरून टिपा.

वावरातून अळी आणताना

सगळ्या कामाचा पाया इथे आहे, आणि नवशिक्यांची घसरगुंडीही इथेच होते. मेलेली प्रत्येक अळी विषाणूने मेलेली नसते.

हरभऱ्यात नोव्हेंबर ते जानेवारी, तुरीत फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत हिंडा. सकाळी दव असताना अळ्या शेंड्यावर सहज दिसतात. विषाणूने मरायला टेकलेली अळी सुस्त असते, तिची कातडी फिकट आणि तेलकट दिसते. मेल्यावर ती मऊ पडते, काळी होते आणि कातडी फुटून पातळ द्रव गळतो. त्याला फारसा कुजका वास नसेल तर नमुना ताजा समजा. घाण वास सुटला असेल तर जिवाणू घुसले आहेत. तो नमुना प्रथिनांच्या कामाला घेऊ नका.

आता यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी. सोयाबीनवर ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत पांढऱ्या, मग फिकट हिरव्या बुरशीने मढलेल्या, कडक झालेल्या अळ्या सापडतात. ती मेटारायझियम रिलेई ही बुरशी, जुन्या पुस्तकांत तिला नोमुरिया म्हणतात. हरभऱ्यात मरगळलेल्या लहान अळीशेजारी एखादा छोटा कोष चिकटलेला दिसला तर ते कॅम्पोलेटिस या परजीवी गांधीलमाशीचे काम आहे. फवारलेल्या वावरातली अळी आखडून, सुकून मेलेली असते. म्हणून वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा, गेल्या पंधरवड्यात काय फवारले होते. ‘काऊन भाऊ, मेलेल्या इल्ल्या कायले नेता?’ असे कुणीतरी विचारणारच. तेव्हा घाईत टाळू नका, धुऱ्यावर बसून समजावून सांगा. पुढच्या वेळी तोच माणूस फोन करून सांगेल की अमुक ओळीत अळ्या लटकल्या आहेत. वावर त्याचे आहे. परवानगीशिवाय नमुना उचलायचा नाही आणि निष्कर्ष निघाला की त्याला कळवायचे.

प्रत्येक अळी वेगळ्या नळीत घ्या. चिमटा दर वेळी स्पिरिटने पुसा. नळीवर पेन्सिलने गाव, पीक, तारीख आणि अळीची अंदाजे लांबी लिहा, कारण शाई ओली झाली की पसरते. नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी फ्रिजमध्ये पोहोचल्या पाहिजेत. जिवंत पण आजारी वाटणाऱ्या अळ्याही आणा. त्याही एकेकट्याच ठेवा, कारण घाटे अळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. ताज्या पानावर चार-आठ दिवस पाहत राहा. डोळ्यांदेखत मेलेल्या अळीचा नमुना सर्वांत खात्रीचा.

सूक्ष्मदर्शकाखाली खात्री

अळीच्या द्रवाचा एक थेंब काचपट्टीवर, थोडे पाणी, वर झाकणकाच. आधी ४०, मग १०० च्या तेलभिंगाखाली पाहा. विषाणूचे स्फटिक साधारण एक-दोन मायक्रॉनचे, चमकणारे, कोनदार-गोलसर दाणे दिसतात आणि पाण्यात थरथरत असतात. चरबीचे थेंबही असेच चमकतात, पण ते अगदी गोल असतात आणि मापाने कमी-जास्त असतात. सुदान-३ रंग दिला की चरबी लाल-नारिंगी होते, स्फटिक होत नाहीत.

याहून स्वस्त परीक्षा म्हणजे कॉस्टिक सोड्याची. झाकणकाचेच्या एका कडेला १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावा म्हणजे द्रव ओढला जाईल. भिंगातून नजर हलवू नका. अल्क पोहोचले की दाणे आधी फुगून धूसर होतात, चमक जाते आणि मग नाहीसे होतात. अळीच्या आतड्यात जे घडते ते तुमच्या डोळ्यांसमोर घडते आहे. वर्गातल्या प्रत्येक मुलाने हे एकदा तरी पाहावे.

स्फटिक वेगळे करणे आणि मोजणे

मेलेल्या अळ्या ०.१ टक्के एसडीएसच्या (साबणासारखे एक रसायन) पाण्यात खलून घ्या आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या वेगाने मिनिटभर फिरवून तळाचा गाळ टाकून द्या आणि वरचे गढूळ पाणी ठेवा. मग तेच पाणी ५,००० फेऱ्यांवर २० मिनिटे फिरवा. आता स्फटिक तळाशी बसतात आणि वरचे पाणी टाकायचे. एसडीएसने एकदा, ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा धुवा. गोळा करडा-पांढरा व्हायला हवा. तपकिरी असेल तर आणखी धुवा. त्याहून शुद्ध हवे असतील तर साखरेच्या चढत्या दाटपणाच्या द्रावणातून फिरवावे लागतात, पण त्यासाठीचे जास्त वेगाचे सेंट्रिफ्यूज विद्यापीठात मिळेल. पहिल्या जेलसाठी त्याची गरज नाही.

मोजणी न्यूबावर पट्टीवर, म्हणजे चौकोन कोरलेल्या मोजणीच्या काचपट्टीवर, करायची. पट्टी भरल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा, दाणे खाली बसू द्या. मधल्या चौकोनाचे २५ भाग असतात, त्यांतले पाच मोजा. समजा पाचांत मिळून १२० दाणे आले आणि तुम्ही द्रावण १,००० पट पातळ केले होते. १२० ला ५ ने, मग १०,००० ने, मग १,००० ने गुणा. उत्तर येते एका मिलिलिटरमध्ये ६ अब्ज. शेतीखात्याच्या शिफारशीत ‘एलई’ म्हणजे अळी-समतुल्य असे जे एकक असते, ते बरोबर हेच, ६ अब्ज स्फटिक. हरभरा-तुरीसाठी हेक्टरी २५० ते ५०० एलई अशी शिफारस तुम्ही वाचली असेल. आता त्या आकड्यात काय भरलेले आहे ते तुम्हाला मोजता येते. बाजारातली एखादी बाटलीही याच रीतीने तपासता येईल.

धुतलेले स्फटिक ४ अंशांवर वर्षानुवर्षे टिकतात. विदर्भातला मे महिना आणि भारनियमन लक्षात घेता, निम्मा साठा दुसऱ्या जागच्या फ्रिजमध्ये ठेवा.

स्फटिक विरघळवणे: इथे घाई करू नका

१०० मिलिलिटर पाण्यात १.०६ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि ०.८८ ग्रॅम मीठ, अर्थात प्रयोगशाळेतले सोडियम क्लोराइड. सामू ११ च्या जवळपास येतो. स्फटिकांचे दुधाळ पाणी यात मिसळून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवले की ते निवळत जाते. पॉलिहेड्रिन द्रावणात उतरले.

पण अळीपासून काढलेल्या स्फटिकांना एक प्रथिनभंजक विकर चिकटलेले असते आणि ते अल्कधर्मी द्रावणात जोरात काम करते. तुम्ही स्फटिक विरघळवता आणि त्याच वेळी ते विकर पॉलिहेड्रिनचे तुकडे पाडते. प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनात वाढवलेल्या विषाणूच्या स्फटिकांत ही अडचण नसते, म्हणून परदेशी पद्धत जशीच्या तशी उतरवली की आपल्याकडे जेलवर नको तिथे पट्ट्या दिसतात. उपाय सोपा आहे. कार्बोनेट घालण्याआधी स्फटिकांचे साधे पाणी ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. विकर निकामी होते, स्फटिक तसेच राहतात.

नवशिक्याने हाच पहिला प्रयोग करावा असे मला वाटते. चार नळ्या घ्या. पहिलीत स्फटिक थेट एसडीएस आणि मरकॅप्टोइथेनॉलच्या नमुना-द्रावात पाच मिनिटे उकळा. दुसरीत आधी ७० अंशांची ऊब, मग कार्बोनेट. तिसरीत ऊब न देता कार्बोनेट. चौथी नळी निरोगी अळीची असावी. तीही खलणे, गाळणे, फिरवणे या सगळ्या पायऱ्यांतून गेलेली हवी. ती नसेल तर बाकीच्या तिन्ही नळ्यांचा अर्थ लावता येत नाही.

जेल चालवणे आणि वाचणे

१२ टक्के पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल, वर ५ टक्क्यांचा थर. एका खाचेत साधारण एक कोटी स्फटिकांचे प्रथिन पुरते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या द्रावणाचे दोन मायक्रोलिटर. जास्त भरले की पट्टी फुगून पसरते आणि वजन चुकीचे वाचले जाते. एका खाचेत वजनखुणांचे प्रथिन हवेच. सुमारे १०० व्होल्टवर दीड-दोन तास लागतात, म्हणून वीज जायची वेळ पाहून सुरू करा किंवा इन्व्हर्टरवर जोडा. मध्येच बंद पडलेल्या जेलमध्ये पट्ट्या पसरट होतात.

जेल बनून घट्ट न झालेले अॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक आहे. पावडर तोलताना मुखपट्टी आणि हातमोजे घाला, उरलेले द्रावण जेल बनून घट्ट झाल्यावरच टाका. विषाणूपेक्षा इथली रसायने तुमच्यासाठी जास्त धोक्याची आहेत.

कूमासी निळ्याने रंगवून, रंग धुऊन झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत २९-३० किलोडाल्टनच्या आसपास एक ठसठशीत पट्टी दिसायला हवी. स्फटिकातले बहुतांश प्रथिन तेच असल्यामुळे ती इतरांपेक्षा कितीतरी गडद असते. ६० च्या आसपास फिकट पट्टी दिसली तर ते पॉलिहेड्रिनचे न सुटलेले जोडके असू शकते. तिसऱ्या खाचेत मुख्य पट्टी अशक्त आणि खाली तुकड्यांची रांग दिसेल. कार्बोनेटच्या अर्ध्या तासात काय झाले ते तिथे उमटलेले असते.

आता सबुरी. २९ किलोडाल्टनला पट्टी आली म्हणजे पॉलिहेड्रिन सापडले, असे होत नाही. जेल फक्त अंदाजे वजन सांगते, आणि त्या वजनाची अळीची स्वतःचीही प्रथिने असतात. चौथ्या खाचेत तिथे काही नाही, अल्काने स्फटिक विरघळल्यावरच पट्टी येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले होते, अशा तीन गोष्टी जुळल्या तर ‘बहुधा पॉलिहेड्रिन’ असे लिहा. पक्के करायचे असेल तर पट्टी कापून मास स्पेक्ट्रोमेट्रीला, म्हणजे तुकड्यांच्या अचूक वजनावरून प्रथिन ओळखण्याच्या तपासणीला, पाठवावी लागते. कापताना नवे पाते आणि नायट्राइलचे हातमोजे वापरा, केस बांधा, लोकरीचा स्वेटर काढून ठेवा. आपल्या कातडीतले आणि लोकरीतले केराटिन नमुन्यात पडते आणि अहवालात अळीच्या प्रथिनाऐवजी तेच वर येते. दुसरा मार्ग पीसीआरचा. त्यात जनुक सापडते, प्रथिन नव्हे. प्रबंधात हा फरक पुसला जाऊ देऊ नका.

मदत कुठे मागावी

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राचे काम चालते, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि जवळचे कृषी विज्ञान केंद्र तर गाठता येतेच. कीटकपेशींवर काम करायची वेळ आली तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे पेशींचा संग्रह आहे. पत्र पाठवताना ‘मला प्रोजेक्ट हवा’ असे लिहू नका. जेलचा फोटो, चारही खाचांचे वर्णन आणि एक नेमका प्रश्न लिहा.

हे क्षेत्र शेतीपुरतेच नाही, हेही घरच्यांना सांगा. पॉलिहेड्रिन इतके भरपूर बनते, कारण त्याच्या जनुकापुढचा नियंत्रक भाग फार जोरकस आहे. त्या भागाच्या मागे दुसरे जनुक जोडून हवे ते प्रथिन कीटकपेशीत बनवण्याची युक्ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होव्हॅक्स या करोना लशीतले काटा-प्रथिन याच बॅक्युलोव्हायरसच्या पद्धतीने कीटकपेशींत तयार केले गेले.

दोन बंधने पाळा. गावात किंवा जवळपास कुणी तुतीवरचे रेशीमकिडे पाळत असेल तर वावरातून आलेल्या कपड्यांनिशी त्या खोलीत जाऊ नका. रेशीमकिड्यांना त्यांचा स्वतःचा एनपीव्ही होतो आणि आजाराचा संशय तुमच्यावर येणे कुणालाच परवडणारे नाही. दुसरे, तुम्ही काढलेला अर्क विकू नका. विक्रीसाठी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते.

पहिला स्वतःचा प्रश्न

जेल जमले की मग शेतकऱ्याच्या त्या प्रश्नाकडे वळा: पऱ्हाटीवर गुण कमी का? कापसाच्या पानावरच्या ग्रंथींतून जे पाझरते त्याने पानावरचे दव अल्कधर्मी होते आणि ते विषाणूला मानवत नाही, हे आधीच नोंदलेले आहे. हरभऱ्याच्या पानावर उलट आंबट स्राव असतो. पोटदुखीवर म्हणून गावोगावी रात्री हरभऱ्यावर धडपा पसरून सकाळी पिळून घेतात तीच ही आंब, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते.

डिसेंबरच्या एकाच पहाटे, न फवारलेल्या शेजारशेजारच्या वावरांतून दोन्ही गोळा करा, कापसाच्या पानांवरचे दव ड्रॉपरने आणि हरभऱ्याची आंब धुतलेल्या कोऱ्या कापडाने. सामू लगेच मोजा. मग सारखेच स्फटिक दोन्हींत आणि तिसऱ्या नळीत साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून सावलीत ठेवा. पहिल्या तासाला, सहाव्या तासाला आणि दुसऱ्या दिवशी न्यूबावर पट्टीवर मोजा, आणि प्रत्येक वेळी थोडा द्रव जेलसाठी बाजूला काढा. वरच्या पाण्यात पॉलिहेड्रिन उतरले असेल तर सेंट्रिफ्यूजनंतरच्या निवळ द्रवाच्या खाचेत ते दिसेल. मोजणीत स्फटिक शाबूत आले तरी त्यांची मारण्याची ताकद घटलेली असू शकते, म्हणून तिन्ही नळ्यांतले स्फटिक धुऊन, मोजून, सारख्या मात्रेत दुसऱ्या अवस्थेतल्या घाटे अळ्यांना खाऊ घाला. पाण्याच्या नळीतल्या अळ्या किती मेल्या याच्याशी ताडून मगच निष्कर्ष लिहा.